मुंगसाने चिरलेले कांदे

एका जंगलाच्या कडेला, कांद्याच्या शेताला लागून, मुंगसांची वस्ती होती. मुलांनो, त्या वस्तीत दोन भाऊ राहत असत. थोरला दिवसभर उंच वारुळावर उभा राहून राखण करी. साप दिसला की तो शीळ घाली आणि सगळी पिल्ले बिळात पळत. धाकटा काहीच करत नसे. तो थोरल्याच्या मागे मागे फिरे आणि त्याचे बोलणे मध्येच तोडी. एके दिवशी एक नाग थेट पिल्लांच्या बिळापाशी आला. थोरल्याने त्याला मारले, पण नंतर थोरलाही उठला नाही. धाकटा त्याला हलवत म्हणाला, "ऊठ ना, दादा. तो मेलाय. आता कशाला झोपतोस?"

वस्तीचा मुखिया एक म्हातारा मुंगूस होता. त्याला सगळे आबा म्हणत. धाकटा सगळ्यांसमोर आबांना म्हणाला, "वारुळावर आता मी उभा राहणार."

"राहा की," आबा म्हणाले. "पण आपली रीत ठाऊक आहे ना? राखणदाराचे डोळे कोरडे हवेत. भरल्या डोळ्यांना साप दिसत नाही. सुतक फिटेपर्यंत तू एकदाही रडला नाहीस, तर जागा तुझी. रडलास, तर तुझ्या चुलतभावाची."

चुलतभाऊ गुबगुबीत होता आणि उभ्या उभ्या झोपत असे. आताही तो झोपलेलाच होता.

"मी कशाला रडू?" धाकटा म्हणाला. दादाच्या जागेवर दुसरे कोणी उभे राहिलेले त्याला पाहवणार नव्हते.

त्या जंगलात सुतकाच्या घरी चूल पेटवत नसत. शेजारचे प्राणी मोहाच्या झाडाखाली स्वयंपाक करत आणि घरच्यांबरोबर पंगतीला बसत. पंगतीतल्या कोणी पंगतीतल्या कोणाला खायचे नाही, एवढाच नियम होता. म्हणून सशीण कोल्ह्याच्या शेजारी निवांत बसे. एका सकाळी ती विळीवर कांदा चिरत होती. धाकटा जवळून गेला आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

"रडला," चुलतभाऊ जागा होऊन म्हणाला.

माणसांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून बसून कावळा शहाणा झाला होता. तो म्हणाला, "हे रडणं नव्हे. कांदा चिरला की त्यातून उग्र वाफ निघते. ती झोंबली की डोळा पाणी काढतो आणि स्वतःला धुऊन घेतो. माणसांचंही असंच होतं. डोळ्यांतून धारा लागलेल्या असतात आणि तोंडाने शेजारणीची निंदा चाललेली असते."

आबांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. कांद्याचं पाणी धरायचं नाही."

हे ऐकताच धाकट्याने सशिणीसमोरची विळी ओढून घेतली. "काकू, तुम्ही बसा. आजपासून कांदा मी चिरणार."

मग काय विचारता? धाकटा पहाटे विळीवर बसे तो दुपारपर्यंत उठत नसे. पाटी संपली की शेतातून दुसरी भरून आणी. एवढ्या कांद्याचे करायचे काय, म्हणून सशीण सगळ्यात कांदा घालू लागली. पोह्यांत पोहे शोधावे लागत. थालिपीठ उलटताना नुसता कांदाच हाती येई. एकदा खिरीतही कांदा निघाला, तेव्हा अस्वल पंगतीतून उठून गेले. कोल्ह्याची तर उपासमार झाली. पंगतीला न येणारा एक उंदीर हेरून तो वाऱ्याचा अंदाज घेत, पोट जमिनीला टेकवत बिळापाशी गेला. बिळातून आवाज आला, "काका, आज भजी होती वाटतं?"

कोल्हा तडक सशिणीकडे गेला. "काकू, या पोराला आवरा. माझ्या तोंडाच्या वासाने मलाच झोप लागत नाही."

"मी काय सांगणार?" सशीण म्हणाली. "विळीवर बसला की तेवढा बरा दिसतो. उठला की दगडासारखा होतो."

तरीही तिने एक युक्ती केली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने डोळे पुसायला मान वळवली, तेवढ्यात तिने कांद्याची पाटी उचलली आणि तिथे दुसरी ठेवली. धाकट्याला कळले नाही. त्याचा पंजा पाटीत जाई, जे हाती लागेल ते तो विळीवर चिरी आणि डोळे वाहत राहत. भोवती सगळे जेवणाची वाट पाहत बसले होते. आबाही होते.

कावळा फांदीवरून म्हणाला, "अरे, ते बटाटे आहेत."

धाकट्याने पंजातल्या फोडीकडे पाहिले. फोड बटाट्याचीच होती.

"मग?" तो म्हणाला. "बटाटा काय झोंबत नाही?"

"आबा," चुलतभाऊ म्हणाला, "म्हणजे वारूळ माझं ना?"

धाकट्याने विळी दोन्ही पंजांनी घट्ट धरली.

एवढ्यात कोल्हा उठला. "सरक जरा," असे म्हणून तो धाकट्याला खेटून बसला आणि त्याने विळी आपल्याकडे वळवली. थोरला जिवंत असताना शिकारी कुत्री आली की एका पायाने लंगडणाऱ्या या कोल्ह्यालाही वारुळावरून हाक मारी. "पळा काका," म्हणे, "लंगडायचं ते नंतर." कोल्ह्याने एक बटाटा चिरला, दुसरा चिरला आणि नाक ओढत म्हणाला, "पोरगा खरं बोलतोय. फार तिखट बटाटा आहे."

"बघू," म्हणत सशीण आली. तिलाही झोंबला. अस्वलाने तर नुसता वास घेतला आणि ते हुंदके देऊ लागले. चुलतभाऊ, कोण खोटे बोलते ते पाहायला म्हणून पुढे आला. त्याला पोहायला थोरल्यानेच शिकवले होते. बटाटा चिरायच्या आतच त्याने तोंड पंजात लपवले. शेवटी आबांनी एक बटाटा उचलला. त्यांनी तो चिरला नाही. नुसता धरून बसले आणि त्यांच्या पांढऱ्या मिशा ओल्या झाल्या.

"वारुळासाठी कोरड्या डोळ्यांचा कोणी उरलाय का?" बऱ्याच वेळाने आबांनी विचारले.

"मी आहे," कावळा म्हणाला.

"तुला पंख आहेत. तुला वारूळ कशाला?" आबा म्हणाले. मग ते धाकट्याकडे वळले. "जा. उभा राहा. डोळे भरले तर पूस आणि परत बघ."

त्या दुपारी धाकटा वारुळावर चढला. डोळे भरत होते, तो पुसत होता आणि परत बघत होता. असेच एकदा डोळे पुसून पाहिले, तर गवतात काहीतरी सरकत होते. त्याने शीळ घातली. ती दादासारखी नव्हती, बरीच बेसूर होती. पण पिल्ले पळाली आणि सगळीच्या सगळी बिळात पोहोचली.

तात्पर्य : डोळ्याला काही झोंबले तर डोळा रडतो आणि मनाला काही झोंबले तरी डोळाच रडतो, कारण मनाजवळ स्वतःचे पाणी नसते. म्हणून आपले माणूस गेले तर सरळ रडावे. त्यासाठी शेजाऱ्यांना खिरीत कांदा खायला लावू नये.