दर तीन तासांनी

“...मग लंगोट दर किती तासांनी बदलायचा, आक्का? मला नेमका आकडा सांगा.”

हौसाक्का सोप्यात पाय पसरून बसली होती. पायांवर वीस दिवसांची मुलगी उघडी निजवली होती. गावातल्या बाळांना न्हाऊमाखू घालण्यात या म्हातारीचा जन्म गेला होता. तिनं वर पाहिलं नाही.

“आकडा कशाला पायजे?”

“कागद दुरुस्त करायचाय.”

कागद ऋतानंच तयार केला होता. पाच वर्षं परदेशात बालसंगोपन शिकून ती परतली, ती थेट या गावात. इथली मुलं यापुढे अंदाजानं नाही, शास्त्रानं वाढतील, असं तिनं भर ग्रामसभेत सांगितलं होतं.  मग प्रत्येक बाळंतिणीच्या उशाशी भिंतीवर तो कागद लागला. दूध कधी, झोप कधी. आणि लंगोट: दर तीन तासांनी.

या बाळाच्या आईनं, सुगंधानं, तो अक्षरशः पाळला.

दहाव्या दिवशी बाळाच्या मांड्यांची साल निघाली. मग ताप चढला. पाच दिवस तालुक्याच्या दवाखान्यात काढून मायलेकी घरी आल्या होत्या. बाळ वाचलं. पण सुगंधा त्याला हात लावेना. आक्का बाळ छातीशी धरायची तेव्हा पाजायची, तेवढंच. एरवी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. आत्ताही तशीच बसली होती.

“दोन तास लिहू?” ऋतानं विचारलं.

“लिही.”

“की दीड?”

“दीड लिही. सव्वा लिही. तुझाच कागद हाय.”

“थट्टा नका करू, आक्का. मला झोप लागत नाही.”

आक्काचा तेलाचा हात थांबला.

“तू शिकलीस तिथं लंगोट कशाचं असत्यात?”

“...विकतचे. कागदी. ओल आत धरून ठेवतात. अंगाला लागू देत नाहीत.”

आक्कानं अंगणातल्या दोरीकडे बोट केलं. दोरीवर लंगोट वाळत होते. आक्काच्याच जुन्या लुगड्याचे. धुऊन धुऊन इतके विरलेले, की पलीकडचं झाड दिसत होतं.

ऋता बघत राहिली.

पौषातली थंडी. तीन तास.

“हे माझ्या आधी लक्षात...” तिला पुढे बोलवेना.

“आधी इचारलंस कुणाला?”

“तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मला?” आक्का हसली. “मी काय देवी लागून गेले? मी सांगायची, पोरांस्नी गच्च गुंडाळा, वारं लागंल. बाया गुंडाळायच्या. ऐन वैशाखातबी गुंडाळायच्या. एकीचं लेकरू...”

तिनं तेलात बोट बुडवलं. बोटानं बाळाच्या टाळूवर तेल जिरवत राहिली.

“मला इचारून काय हुतंय.”

“मग कुणाला विचारू?”

आक्कानं बाळ उचललं. तसंच उघडं ऋताच्या मांडीवर ठेवलं.

“हिच्या आईला.”

ऋतानं कोपऱ्याकडे पाहिलं.

“सुगंधा...”

सुगंधानं पदर पुढे ओढला.

“हिला आता लंगोट बांधू का? की थांबू? मला खरंच कळत नाही गं.”

“मला नका इचारू, ताई. मला कळत असतं तर असं झालं असतं व्हय?”

बाळानं जांभई दिली. मूठ तोंडाशी नेली. दोन्ही पाय पोटाशी घेतले. ऋतानं ते हलकेच सरळ केले.

“करणार आता ती,” कोपऱ्यातून आवाज आला.

“काय?”

“पाय आखडलं न्हवं? आधी पाय आखडती. मग गप हुती. मग...”

बाळ गप्प झालं. ऋताच्या मांडीवर ऊब पसरली.

“घ्या,” आक्का म्हणाली. “डॉक्टरीणबाईंना तीर्थ मिळालं.”

ऋता सुगंधाकडे वळली.

“तुला हे कधीपासून माहीत आहे, सुगंधा?”

“जलमली त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं.”

“मग त्या दिवशी...”

“त्या दिवशीबी आखडलं हुतं. लई रडली. मी घड्याळ बघितलं. दीड तास बाकी हुता.” सुगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “म्हटलं, ताई एवढ्या लांबनं शिकून आल्यात. मला काय कळतंय.”

...

मांडीवरची ऊब गार झाली. बाळ रडू लागलं. आधी बारीक, मग कळवळून.

ऋता आक्काकडे वळली. आक्कानं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

ऋताचा हात शेजारी ठेवलेल्या कोरड्या लंगोटाकडे गेला. वाटेतच थांबला. मग तिनंही तो मागे घेतला.

बाळ रडत राहिलं.

सुगंधा उठली. आली. ऋताच्या मांडीवरून तिनं बाळ उचललं. पदराच्या कोरड्या टोकानं टिपून घेतलं, लंगोट बांधायला घेतला.  गाठ सुटली. तिनं पुन्हा बांधली. बाळ हुंदके देत देत थांबलं. दोघींपैकी कुणाकडेही न बघता ती बाळाला घेऊन पायरीवरच्या उन्हात जाऊन बसली.



ऋताची सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती. अंगणातून गार वारा येत होता. तिनं डोळे पुसले आणि उठू लागली.

“घरी जाऊन कपडे बदलून येते, आक्का. मग गावातले सगळे कागद काढून आणते. एकूण एक.”

आक्कानं तिच्या खांद्यावर तेलकट हात ठेवला. तिला खाली बसवलं.

“बस. घटकाभर ओलीच बस.”