विहिरीत उतरलेला काकडीचा वेल

गोदावरीच्या काठी मोहथडी नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेरच्या जुन्या चिंचेखाली चिंचगिरी महाराजांचे पुष्कळ वर्षे वास्तव्य होते. अंगावर एक कांबळे, पुढे धुनी आणि बोलणे मोजके. कोणी गाऱ्हाणे घेऊन आले, तर महाराज त्याला पोथी-पारायण सांगत नसत. एखादे घरगुती काम सांगत. ते का सांगितले, हे मागाहून कळे. हौसाबाईंची हकिगत अशीच आहे. मोहथडीची माणसे ती सांगताना आजही आवाज खाली आणतात.

हौसाबाई एकट्या राहत. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान लिंबाजी परसाला लागून असलेल्या विहिरीचा गाळ काढायला उतरले होते. वर दोर धरून गावातले मोठे बागाईतदार अंबादासराव उभे होते, विहीर त्यांचीच. दोर तुटला, वरून दरड कोसळली आणि विहीर अर्धी बुजली, असे अंबादासरावांनी गावाला सांगितले. लिंबाजींचे प्रेतही निघाले नाही. लोकांनी विहिरीच्या तोंडावर काट्या टाकल्या आणि तिकडे जाणे सोडले.

हौसाबाई परसात काकडी लावीत आणि त्यावर गुजराण करीत. पण त्यांचे परस ओलसर. जमिनीवर पसरलेल्या वेलाची काकडी मातीला टेकली की खालून पिवळी पडून सडे. त्या वर्षी त्यांनी हे महाराजांच्या कानी घातले.

महाराज म्हणाले, "माय, वेलाला उभं राहायला काहीतरी लागतं. विहिरीच्या काठाशी आळं कर आणि मांडव विहिरीच्या तोंडावर झुकेल असा घाल. वेल बांधशील तो सैल बांध. घट्ट बांधलास, तर चिरेल."

हौसाबाई अकरा वर्षांनी विहिरीच्या काठाशी गेल्या. त्यांनी काट्या बाजूला केल्या, बाभळीच्या मेढी रोवल्या, वर तुराट्या आडव्या बांधल्या, आळ्यात शेणखत घालून चार बिया टोचल्या. वेल हातभर झाल्यावर सुतळीचे सैल फास देऊन मांडवाला लावला.

अंबादासराव येता-जाता हसत. चारचौघांत म्हणत, की काकडी लावावी उन्हात, ही बाई लावते विहिरीच्या तोंडावर. हिच्या गोसाव्याला शेतीतले काय कळते? त्यांची बाग मोठी, शब्दाला वजन. लोकही त्यांच्याबरोबर हसत.

वेल मात्र वाढत होता, आणि तो वाढू नये तसा वाढत होता. काकडीच्या वेलाचे तणावे आधार शोधत वर जातात. हे खाली वळत. हौसाबाई सकाळी शेंडे उचलून तुराट्यांवर ठेवीत. दुपारी पाहावे, तर सगळे शेंडे मांडव सोडून विहिरीच्या अंधारात लोंबत असत. वारा पडलेला असताना पाने हलत. मग एका दुपारी आळ्याला पाणी घालताना त्यांना खालून खाकरल्याचा आवाज आला. कामाला हात घालण्यापूर्वी माणूस घसा साफ करतो, तसा.

त्या तशाच चिंचेखाली गेल्या. महाराजांनी विचारले, "भ्यालीस?"

"नाही महाराज," हौसाबाई म्हणाल्या. "आवाज ओळखीचा आहे."

महाराजांनी धुनीत एक लाकूड सारले. मग म्हणाले, "मग शेंडे वर ओढू नकोस. जाऊ दे त्याला खाली."

ही गोष्ट गावात पसरली. लिंबाजीचे नाव पुन्हा माणसांच्या तोंडी आले आणि अंबादासरावांची झोप उडाली. भर दुपारी ते विळा घेऊन परसात शिरले. हौसाबाई ओसरीवर होत्या. हे भुताचे खूळ आजच मुळासकट कापतो, असे म्हणत ते विहिरीच्या काठावर चढले आणि त्यांनी वेल मुठीत धरून विळा उगारला. त्याच क्षणी पायाखालचा दगड निखळला. विळा खाली गेला. तो पाण्यात पडल्याचा किंवा दगडावर आपटल्याचा कसलाच आवाज आला नाही.

अंबादासरावही गेले, पण पुरुषभर खाली जाऊन थांबले. करंगळीएवढ्या जाडीचा तो वेल त्यांच्या मनगटाला गुंडाळला होता आणि दोऱ्यासारखे तणावे बोटाबोटांत शिरले होते. वर तुराट्या कडकडल्या. हौसाबाईंनी धावत येऊन वेल धरला आणि महाराजांच्या नावाने हाक मारली.

अगदी त्याच वेळी चिंचेखाली बसलेल्या मंडळींनी पाहिले, की महाराजांनी एकाएकी मुठी आवळल्या. त्यांच्या हातांच्या शिरा तटतटल्या. मुठी उघडल्या तेव्हा दोन्ही तळहात सोलवटले होते आणि त्यांवर हिरवा रस होता.

तिकडे अंबादासराव वर आले. एका बाईने ओढून वर यावे, असा तो देह नव्हता. ते काठावर पालथे पडले आणि आपल्या तळपायांना हात लावून पाहू लागले. त्यांच्या तळव्यांखाली खालून कोणीतरी दोन्ही हात लावले होते. ओल्या, गार हातांनी त्यांना वर लोटले होते.

मनगटावरचे तणावे सोडवू म्हटले, तर सुटेनात. तसेच ते महाराजांकडे आले आणि पाय धरू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्याकडे काय आहे? जे सांगायचं, ते हिला सांग."

मागे हौसाबाई उभ्या होत्या. अंबादासरावांची मान वर होईना. "दोर तुटला नव्हता," ते म्हणाले. "दरड सुटताना दिसली. मी भ्यालो आणि दोर सोडून पळालो."

हौसाबाई आपल्या हातांकडे पाहत म्हणाल्या, "तो दोर मी वळला होता. अकरा वर्षं मला वाटत आलं, माझ्याच हातचा दोर कच्चा निघाला."

मग महाराज अंबादासरावांना म्हणाले, "उद्या विहिरीत उतर. वेल जिथं जमिनीत शिरला असेल, तिथं उकर."

"महाराज, वर दोर कोण धरील?"

हौसाबाई म्हणाल्या, "मी धरते."

दुसऱ्या दिवशी सगळे गाव विहिरीभोवती जमले. चार गडी मदतीला होते, पण दोराच्या पुढच्या टोकाला हौसाबाईच उभ्या राहिल्या. तळाशी दगडांच्या एका फटीत वेल शिरला होता. अंबादासरावांनी दगड उचलले. तिथे लिंबाजी होते. तणाव्यांनी त्यांची हाडे अशी वेढली होती, की एकही इकडेतिकडे झाले नव्हते. ती आपल्या उपरण्यात बांधून अंबादासराव वर आले, तेव्हा त्यांच्या मनगटावरचे तणावे वाळून गळून पडले होते.

महाराज त्या दिवशी चिंचेखालून उठून विहिरीपाशी आले होते. सोलवटलेले हात जोडून ते बाजूला उभे राहिले. अंबादासरावांनी उपरणे हौसाबाईंच्या पुढ्यात ठेवले, आणि ज्या बाईला ते आजवर हसत आले होते, तिच्या पायांवर साऱ्या गावादेखत डोके टेकवले. हौसाबाईंच्या हातात अजून दोर होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि अंबादासरावांच्या पाठीवर हात ठेवला.