शिंगाला मत

एक होतं रान. रानात सांबरांचं लोकराज्य होतं. लोक म्हणजे ज्यांच्या डोक्यावर शिंगं होती ते.

मत द्यायचं म्हणजे सभेच्या दोन झाडांपैकी एकावर शिंग घासून चरा उमटवायचा. सांबरांच्या बायांना शिंगं नसतात. 'आम्ही कुणाला अडवत नाही,' कळपाचे प्रमुख शिंगोजीराव सांगत. 'शिंग आणा, मत द्या. कायदा सगळ्यांना सारखा.'

कळपाने पाणी कुठे प्यायचं, हेही शिंगंच ठरवत. ती दरवर्षी डोह ठरवत, कारण डोहाच्या नितळ पाण्यात शिंगं फार देखणी दिसत. डोहाकाठच्या करवंदीच्या जाळीत बिबट्या बसे. पलीकडच्या उघड्या माळावर एक नाला होता. तिथे बिबट्याला लपायला जागा नव्हती, पण पाणी गढूळ. त्यात कुणाचंच रूप दिसत नसे.

हौसाचं पाडस डोहावर बिबट्याने नेलं. हे मला गमतीत सांगता येत नाही, म्हणून एकदाच सांगतो. हौसा शिंगोजीरावांची बायको. पाडस त्यांचंही होतं.

'अहो, नाल्यावर जाऊ या,' ती म्हणाली. 'आणि आम्हालाही मत द्या.'

'तू माउली आहेस,' शिंगोजीराव गहिवरले. 'माउलीने राजकारणाच्या चिखलात कशाला उतरायचं? तरी विषय सभेपुढे घेऊ. पुढच्या पौर्णिमेला.'

त्या पौर्णिमेला कोरम भरला नाही. पुढच्या पौर्णिमेला अभ्यास समिती नेमली. समितीने डोहात डोकावून आपापल्या शिंगांचा अभ्यास केला. बाया मात्र दर वेळी झाडाखाली येऊन उभ्या राहत. शेवटी भर उन्हाळ्यात सभा भरली. एक झाड डोहाचं, दुसरं नाल्याचं. उन्हाळ्यात सांबरांची शिंगं गळतात, हे विषय पुढे ढकलण्याच्या नादात कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

शिंग मोडून वासरांत शिरतात, असं ऐकलं होतं. इथे अख्खी सभाच पाडसांसारखी बोडकी बसली होती. शिंगोजीरावांनी झाडावर नुसतं डोकं घासून पाहिलं. चरा उमटला नाही, टेंगूळ आलं.

'शिंग नाही, मत नाही,' पंच म्हणून बसलेलं वानर शेंग सोलत म्हणालं. 'कायदा सगळ्यांना सारखा.'

मग रानहितासाठी तातडीची दुरुस्ती आली. यंदा खुराचा चराही चालेल. नरांनी ओरडून ती मंजूर केली.

हौसाने पुढचा पाय उचलून नीट पाहिला. 'खूर तर आम्हालाही आहेत,' ती म्हणाली.

कळपात एका नरामागे चार बाया होत्या. संध्याकाळपर्यंत नाल्याच्या झाडाला साल उरली नाही.

त्या उन्हाळ्यात एकही पाडस गेलं नाही. पावसाळ्यात शिंगं परत फुटली आणि शिंगोजीरावांनी फलक लावला, 'बायांना मत आम्हीच दिलं.' पुढे प्रमुखपद बायांसाठी राखीव झालं आणि हौसा निवडून आली. फलकावर आता तीही असते, खाली कोपऱ्यात.

परवा सभेत विषय होता बायांच्या हक्कांचा. प्रमुखाच्या दगडावर शिंगोजीराव बसले होते. वानराने विचारलं, 'प्रमुखबाई कुठायत?'

'पाडसांना घेऊन पाण्यावर गेलीये,' शिंगोजीराव म्हणाले. 'इथलं मी बघतो.'