एका लाडवाला एक ओळ

तुंगराजांच्या परीक्षेत पास होणं म्हणजे मुंगीनं हत्तीला कडेवर घेणं! राजांना बाजार सांभाळायला कारभारी हवा होता, आणि तो परीक्षा घेऊनच नेमायचा हा त्यांचा हट्ट. त्यावर दवंडी अशी, की जो नापास होईल त्यानं कुणीतरी पास होईपर्यंत राजवाड्याच्या मुदपाकखान्यात लसूण सोलायचा. झालं! वर्ष उलटलं तरी एकही पास नाही. मोठमोठे शास्त्री-पंडित ओळीनं मांडी घालून लसूण सोलत बसलेले!

त्यांतच मोरेश्वरपंत होते. गावचे पंतोजी, अर्थशास्त्र तोंडपाठ. त्यांची मुलगी द्वारकी भाकरी घेऊन भेटायला आली आणि बापाची पिवळी पडलेली बोटं बघून तिला रडूच फुटलं.

"बाबा, तुम्ही नापास? अहो, तुम्ही?"

"काय सांगू पोरी! पहिलाच प्रश्न, बाजार म्हणजे काय? मी आधी पुराणातले बाजार लिहिले, मग आजोबांनी पाहिलेले बाजार लिहिले, मग मामांच्या गावचा गुरांचा बाजार घेतला, तेवढ्यात वेळ संपली!"

"त्या प्रश्नाला गुण किती होते?"

"इथे गुण नसतात, लाडू असतात. प्रश्नासमोर काढलेले असतात. त्याच्यापुढे एक होता."

द्वारकीनं कपाळावर हात मारला. "एका लाडवासाठी मामांचा गोठा झाडलात? एका लाडवाला एक ओळ, बाबा! जास्त लाडवांचा प्रश्न पुढे होता ना?"

"असेल बुवा. मी पान उलटलंच नाही."

द्वारकीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि तडक दरबारात गेली. "महाराज, मी परीक्षेला बसते! पास झाले तर दवंडीप्रमाणे माझ्या बाबांना सोडायचं!"

"आणि नापास झालीस तर?" राजे मिशीत हसले.

"तर बापलेक शेजारी बसून सोलू!"

वेळ मोजायला बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडली. ती बुडाली की लेखणी खाली! द्वारकीनं कागद घेतला आणि नुसती बघत बसली. प्रधानजी खुदकन हसले. "काय गं, लेखणी चालत नाही?"

"आधी डोळे चालवतेय, प्रधानजी!"

तिनं तिन्ही प्रश्न वाचले, लाडू मोजले आणि मगच लिहायला घेतलं. वाटी बुडाली तेव्हा बाई लेखणी ठेवून आपलंच लिहिलेलं पुन्हा तपासत होत्या!

राजे स्वतः तपासायला बसले. "बाजार म्हणजे घेणारा आणि विकणारा यांची गाठ पडून भाव ठरतो ती व्यवस्था. हं. एवढंच?"

"लाडूही एवढाच होता, महाराज!"

दुसरा प्रश्न चार लाडवांचा. लसूण महाग का झाला? राजांनी पान उलटलं आणि एकदम ओरडले, "काय ही हिंमत! माझ्या प्रश्नावर फुली मारलीस?"

"फुली नाही, महाराज, आकृती आहे! वर चढते ती विकणाऱ्यांची रेघ, खाली उतरते ती घेणाऱ्यांची. जिथे भेटतात तिथे भाव. उभ्या काठीवर भाव लिहिलाय, आडवीवर लसूण. नावं न घालता आकृती काढली तर ती फुलीच!"

"आणि ही तिसरी रेघ?"

"ते तुम्ही, महाराज! नापास वाढले, त्यांना सोलायला लसूण हवा, म्हणून राजवाडा बाजारातला सगळा लसूण उचलतो. घेणाऱ्यांची रेघ पुढे सरकली आणि भाव चढला!"

मुदपाकखान्यातला आचारी हळूच पुटपुटला, "सोललेला संपवायचा म्हणून काल बासुंदीतसुद्धा घातला." दरबारातले सगळे कसनुसे झाले. ती बासुंदी सगळ्यांनी खाल्ली होती!

आता तिसरा प्रश्न, चांगला पंधरा लाडवांचा. महाराजांनी आता काय करावं? दोन्ही बाजू मांडून निर्णय सांगा. आजवर इथवर कुणी पोचलंच नव्हतं! राजे मोठ्यानं वाचू लागले. "नापासांना सोडलं तर तोटा असा, की परीक्षेचा धाक उरणार नाही. फायदा असा, की लसूण उतरेल आणि गरिबाच्या आमटीला फोडणी बसेल. दुसरा फायदा..."

राजे थांबले. कान लालबुंद!

"वाचा ना, महाराज!" प्रधानजी म्हणाले.

"वाचतोय रे! दुसरा फायदा असा, की महाराजांच्या तोंडाचा वास जाईल आणि राणीसाहेब पुन्हा त्यांच्या शेजारी बसून जेवतील. धाकापेक्षा हा फायदा मोठा, म्हणून निर्णय: सोडावं."

द्वारकीनं मुदपाकखान्याच्या दाराकडे पाहिलं. आता बापाबरोबर आपणही लसणात!

तेवढ्यात पडद्यामागून राणीसाहेबांचा आवाज आला. "पंधराच्या पंधरा द्या हो तिला!"

राजे असे हसत सुटले, की मुकुट घरंगळून प्रधानजींच्या मांडीवर पडला. "दिले! वीसच्या वीस लाडू दिले! आजपासून बाजाराची कारभारीण तू! आणि सोडा रे त्या सगळ्यांना!"

मोरेश्वरपंत धावत आले, लेकीला पोटाशी धरलं आणि सद्गदित होऊन राजांकडे वळले. "महाराज, आपले आभार! आता आभार म्हणजे काय? तर आभाराचे मुख्य प्रकार सात. त्यातला पहिला प्रकार पुराणकाळी..."

"बाबा!" द्वारकी ओरडली. "एका लाडवाचा आहे!"