मोठ्याने सांगितलेला शब्द

प्राणी एकमेकांशी बोलत होते त्या काळात, एका डोंगरात आजाऱ्यांसाठी मध साठवलेली गुहा होती. दाराच्या दगडाआड बसून साळूमावशी, म्हणजे म्हातारी साळिंदर, ती राखायची. खुणेचा शब्द सांगेल त्यालाच ती फटीतून मध द्यायची.

सशिणीची पिल्लं खोकून बेजार झाली. तिने शेजारच्या अजगराला हळूच शब्द सांगून मध आणायला धाडलं. अजगराने गुहेबाहेरून तो मोठ्याने सांगितला आणि द्रोणभर मध आणला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तर गुहा रिकामी होती.

"सकाळी अस्वल सगळा मध घेऊन गेलं," साळूमावशी म्हणाली.

"अस्वलाला दिलात? तुम्ही त्याला ओळखलं नाहीत?"

"दगडाआडून मला कुणीच दिसत नाही. काल तूही दिसला नव्हतास. त्याने शब्द बरोबर सांगितला."

"पण त्याला तो कळला कसा?"

"जाताना त्यानेच सांगितलं, मी अस्वल, आणि शब्द काल समोरच्या बांबूत बसून अजगराच्या तोंडून ऐकला."

अजगर परत निघाला. सशिणीचं बीळ अजून लांब होतं, तरी पिल्लांचं खोकणं त्याला ऐकू येत होतं.