झिमाचं पान

तिवरबेटावर आज जे माड उभे आहेत, त्यांचे पणजोबा अजून नारळातच होते, तेव्हाची ही गोष्ट.

खाडीच्या तोंडाशी हे बेट. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि खाडीपल्याड देसायांचं बंदर. बेटाच्या काठाला खारव्यांची घरं, खाजणाच्या, म्हणजे बांध घालून खाडीकडून राखलेल्या भातजमिनीच्या, कडेला कुणब्यांची, आणि वर माथ्यावरच्या गवताळ पठारावर, सड्यावर, एकच घर गवळ्याचं. त्या घरात धाकू गवळी आणि त्याची बायको झिमा राहत.

झिमा बेटावरची नव्हे. ती दूरच्या डोंगरातल्या गवळीवाड्यावरून लग्न होऊन आली. जन्मात पहिल्यांदा होडीत बसली ती वरातीच्या दिवशी, आणि बेट येईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत, असं म्हणतात. पण पुढे तिच्या हाताला असं यश आलं, की तिने विरजलेलं दही मडकं उपडं केलं तरी हलत नसे. बाजाराच्या दिवशी ती मडकं डोक्यावर उपडंच घेऊन बंदरात शिरे. मागून पोरं ओरडत, "मावशे, सांडलं गं, सांडलं." झिमा वळूनसुद्धा बघत नसे.

धाकूची म्हशींना मारायची एक हाक होती. तिला शब्द नव्हते. घशाच्या तळातून काढलेला एक लांब सूर. तो ऐकला की म्हशी चरायच्या थांबत, पाण्यात असल्या तर वळत. झिमाला ती हाक कधी जमली नाही. तिने मारली की म्हशी नुसते कान हलवत आणि धाकू पोट धरून हसे.

एका पावसाळ्यात धाकू तापाने गेला. झिमाने त्याची राख सड्यावरच्या गवतात टाकली. माहेरची माणसं न्यायला आली. तिने त्यांना ताक पाजलं, वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि परत पाठवलं. का राहिली, ते तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशी पिळल्या, एवढंच.

बेटाची तेव्हा एक रीत होती. चांगलं ते बंदराला. खाजणात पिकलेला तांबडा तांदूळ, नारळ, कोकम, मिरी, मिठागरातलं मीठ, सुकवलेले मासे, झिमाचं तूप, सगळं होड्यांतून पल्याड जाई. त्याच होड्या येताना बंदरातली जुनी, पोरकिड्यांनी पोखरलेली नाचणी घेऊन येत, आणि बेट ती खाई. बेटावरचे जाणते भिकूतात्या. सगळ्यांत मोठं खाजण त्यांचं. पण त्यांच्या घरात तांबडा भात शिजला तो फक्त श्राद्धाला, कावळ्यासाठी. आपलं ते विकायचं आणि पल्याडचं ते खायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग बंदराला नवे देसाई आले. त्यांना घोड्यांचा शौक. सड्यावरचं गवत त्यांच्या नजरेत भरलं. त्यांनी सांगून पाठवलं, बेट रिकामं करा, तुम्हाला पल्याड जागा देतो. नाही म्हणालात, तर आजपासून बेटाची होडी बंदराला लागायची नाही आणि बंदराचा दाणा बेटावर यायचा नाही. आमच्या दाण्यावर जगता, तो नसला की किती जगता ते पाहू.

गाव वेताळाच्या पारावर जमलं. बायका डोळे पुसू लागल्या. भिकूतात्या म्हणाले, निघावं हे बरं, पोरांना उपाशी ठेवून काय मिळवायचं. मग झिमाकडे वळून म्हणाले, "तुझं बरं आहे गो. तुला माहेर तरी आहे डोंगरात."

झिमाच्या डोळ्यांपुढे सड्यावरचं गवत होतं, आणि त्यात सोडलेले घोडे. तिने विचारलं, "तात्या, मागच्या बाजाराला तुमच्या होडीत काय होतं?"

"तांदूळ. दुसरं काय असणार?"

तिने खारव्यांना विचारलं. ते म्हणाले, मासे आणि मीठ. बागायतवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, नारळ, मिरी, कोकम.

"आणि माझं तूप," झिमा म्हणाली. "मग इतकी वर्षं कोण कुणाला जेवायला घालत होतं?"

मग भिकूतात्यांची बायको सगुणा उठली. पदर खोचून म्हणाली, "या घरात आल्यापासून घरचा तांदूळ मी पाखडला, कांडला, पण खाल्ला नाही. आज शिजवते. ज्याला बेट सोडून जायचं असेल, त्याने जेवून जावं."

त्या दिवशी तांबड्या भाताचा वास बेटभर पसरला. वर झिमाचं तूप पडलं. भिकूतात्यांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "हे मी विकत होतो?"

कुणी गेलं नाही. मासे देऊन तांदूळ आला, मीठ देऊन ताक आलं. मिरची पल्याडची, ती संपली तेव्हा आमटीत मिरी आणि तिरफळं पडली. साखरेचं नाव नव्हतं, तर माडाच्या रसाचा गूळ झाला. पूर्वी शेतात म्हैस शिरली की कुणबी आणि गवळी हातघाईवर येत. आता कापणी झालेल्या शेतात भिकूतात्या स्वतः म्हशी बसवू लागले, कारण शेणाने जमीन काळीभोर होत होती. त्या साली बेटावर एवढं पिकलं की कणग्या कमी पडल्या आणि तांदूळ होड्यांत भरून ठेवावा लागला, असं म्हणतात.

तिकडे बंदरात दही पातळ झालं आणि देसायांचं चित्त थाऱ्यावर राहिना. बेट तग धरून आहे ते म्हशींच्या जिवावर, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं. त्यांनी माणसं पाठवली. ओहोटी बघून माणसं उतरली, सड्यावरचा सगळा कळप हाकलत खाडीत घातला आणि दोन्ही अंगांनी होड्या लावून बंदराकडे निघाली.

झिमा धावत काठावर आली तेव्हा काळी डोकी खाडीच्या मध्यावर पोहोचली होती. तिने तोंड उघडलं. आणि जी हाक तिला जन्मभर जमली नाही, ती हाक खाडीवर घुमली. असं म्हणतात, की तो आवाज बाईचा नव्हता. पल्याडच्या काठाला उभ्या असलेल्या माणसांनीही शपथेवर सांगितलं, की गवतातून कुणी पुरुष हाक मारत होता. सगळा कळप एकदम वळला. होड्या कलंडल्या, देसायांची माणसं म्हशींच्या शेपट्या धरून बेटाला लागली. झिमाने त्यांना पेज दिली आणि घरी धाडलं. हाकेचं कुणी विचारलं, तर ती म्हणे, "मी नुसतं तोंड उघडलं." पुढे कधी तिने ती हाक मारून पाहिली नाही.

मग देसाई स्वतः आले. वाळलेली माणसं बघायला मिळतील म्हणून आले, तर पोरं पारावर गुबगुबीत गालांनी गूळ चघळत बसलेली. झिमाने पाट मांडला. केळीच्या पानावर तांबडा भात, तूप, मिरी घातलेलं माशाचं कालवण, भाजलेली रताळी, सोलकढी, खरवस आणि उपड्या मडक्यातलं दही.

देसाई एकेका पदार्थावर बोट ठेवून विचारत गेले, हे कुठलं, ते कुठलं. उत्तर एकच, बेटाचं. शेवटी ते म्हणाले, "या पानावर पल्याडचं काहीच नाही म्हणतेस?"

"आहे की," झिमा म्हणाली. "जेवणारा पल्याडचा आहे. तेवढं एक आम्हाला पिकवता आलं नाही."

कुणी सांगतात देसाई मोठ्याने हसले, कुणी सांगतात मान खाली घालून जेवत राहिले. दही मात्र त्यांनी पुन्हा मागून घेतलं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. घोडे बंदरातच राहिले. होड्या पुन्हा सुरू झाल्या. पण त्यानंतर बेटावर आधी घरची कणगी भरते, मग होडी.

झिमा पिकल्या वयात गेली. तिचीही राख सड्यावरच्याच गवतात टाकली. कुठे, ते बेटाने खुणेचा दगड लावून ठेवलेलं नाही. सगळा सडाच त्या दोघांचा मानतात.

अजूनही भात झोडून झाला की तिवरबेटावर एक दिवस झिमाचं पान असतं. त्या दिवशी पाणी ओलांडून आलेलं काही चुलीवर चढत नाही. चहासुद्धा नाही, त्यामुळे म्हातारे सकाळपासून कपाळ चोळत, कुरकुरत फिरतात, पण पीत कुणी नाही. सगळं बेट एका पंगतीला बसतं, आणि पहिलं पान पल्याडच्या माणसाला वाढतात. कधी शाळेवर नवे आलेले गुरुजी असतात, कधी लस टोचायला आलेल्या नर्सबाई. एकदा वाट चुकलेला एक भांडीवाला होता, त्याला आपला एवढा मान कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्या वर्षी बेटावर नवी सून आली असेल, तर पहिलं पान तिचं. ती लाजते, नको नको म्हणते, तरी तिला पाटावर बसवतात आणि सगळ्यात थोरली बाई तिच्या पानात दही घालते. पल्याडची म्हणून ती तेवढी एकदाच जेवते. पुढच्या वर्षी ती वाढायला उभी असते.