बरणीतला वेताळ

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याने पूर्वजांचा शापित खजिना उघडला आणि त्याचे हात दगडाचे होऊ लागले. रोज बोटभर दगड वर चढे. काळजापाशी पोहोचला की राजा संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. बोलत मात्र कोणी नव्हते.

तेव्हा मायाधर मांत्रिक एक अक्षरवेताळ घेऊन आला. "हा कुठल्याही शापावर उतारा लिहितो. झोपत नाही, जेवत नाही. फक्त राजमुद्रा आणि सगळ्या दालनांच्या किल्ल्या द्या."

राजमाता कमरेचा जुडगा सोडू लागल्या. नवी राणी इंदुलेखा हळूच म्हणाली, "आईसाहेब, मला या घरात येऊन सहा महिने झाले. वर्ष भरल्याशिवाय सुनेच्या हाती किल्ल्या द्यायच्या नाहीत, ही इथली रीत. हा तर आज आला."

राजमातांचा हात कमरेपाशीच थांबला.

राणीने लोणच्याची काचेची बरणी मागवली. "जे करायचे ते आधी यात करून दाखवू दे," ती म्हणाली. मायाधराने तिच्यात अख्ख्या राजवाड्याचे प्रतिबिंब उतरवले: तीच दारे, तोच खजिना, तसाच दगडी हातांचा राजा, सगळे तीळभर. आत वेताळ सोडला, त्याला लाखेची खोटी मुद्रा दिली, झाकणाला कागदापुरती फट ठेवली. पहाऱ्याला राणीची बोलकी साळुंकी बसली.

पहिले काम, गंजलेले महाद्वार. साळुंकी म्हणाली, "आतले उघडले." मग मंत्राचा कागद फटीतून बाहेर आला, राणीने तो तपासून मंत्र म्हटला, खरे द्वारही उघडले. दुसरे काम, मुका झालेला नगारा. तोही वाजला.

राजा म्हणाला, "राणी, दगड कोपराच्या वर गेला. फोडा ती बरणी. मोकळा झाला तर झरझर करील."

"झरझर करील, म्हणूनच नको, महाराज."

राणीने तिसरे काम सांगितले: महाराजांचे हात दगडाचे नसावेत.

"झाले," वेताळ लगेच म्हणाला.

साळुंकीने आत डोकावले. "झाले खरे. आतल्या राजाला हातच नाहीत."

राजा दोन पावले मागे सरकला.

"सांगितले तेवढेच केले," वेताळ नम्रपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कपट नव्हते. राणीला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

मायाधराने ते प्रतिबिंब पुसून नवे उतरवले. या वेळी राणीने नीट सांगितले: हात राहावेत, बोटे हलावीत, माणूस तोच राहावा, शाप तेवढा जावा. दगड खांद्याला टेकला तेव्हा मंत्र बाहेर आला.

"आतला राजा मिशीला पीळ देतो आहे," साळुंकी म्हणाली.

"मग म्हणा लवकर," बाहेरचा राजा म्हणाला.

राणी अक्षर अक्षर वाचत राहिली. शेवटून दुसरी ओळ होती: वेताळास बरणीची आडकाठी नसावी.

"हे कशाला?"

"पुढच्या कामांची सोय."

राणीने ती ओळ खोडली आणि मंत्र म्हटला. दगड पापुद्र्यांनी गळून पडला, राजाची बोटे हलली, खजिन्याचे दार आपोआप मिटले.

राजमातांनी जुडगा सुनेपुढे धरला. "घे. वर्ष भरायची गरज नाही."

राणीने एकच किल्ली काढून घेतली, फडताळाची. बरणी आत ठेवली, कुलूप लावले. "बाकीच्यांचे सहा महिन्यांनी बघू, आईसाहेब."

राज्य पूर्वीसारखे चालू लागले. साळुंकी मात्र त्या फडताळावरून अजून हललेली नाही.